छोट्या संगणकाला बॅटरीची शिदोरी

आमच्या कांदाचाळीत एक छोटा संगणक बसवला आहे. पत्त्याच्या पानाएवढी ही हिरवी पट्टी. तिचे नाव ‘रास्पबेरी पाय’. मुलांना संगणक शिकता यावा म्हणून इंग्लंडमधील केंब्रिजच्या मंडळींनी ती तयार केली आणि २०१२ साली विक्रीस आणली. आमच्याकडची पट्टी २०१६ साली निघालेल्या तिसऱ्या पिढीची. चाळीतील उष्णता आणि दमटपणा ती दर दहा मिनिटांनी टिपून ठेवते. साठवलेल्या कांद्याला २५ ते ३० अंश उष्णता आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. पाऊस लागला की आर्द्रता चढते आणि सड सुरू होते. म्हणून हा खटाटोप.

गेल्या वर्षी ती पट्टी आम्ही मोबाईलच्या चार्जरवर चालवत होतो. जूनमधल्या एका रात्री वीज पाच वेळा आली आणि पाच वेळा गेली. सकाळी पाहतो तो संगणक मुका! नोंद लिहिली जात असतानाच वीज तुटल्याने त्यातील कार्ड बिघडले होते. दोन महिन्यांचे आकडे गेले. चाळीच्या कोणत्या अंगाला ओल धरली हे कळेपर्यंत तळचा कांदा नासला. तेव्हा धाकट्या मुलीने आणि मी मिळून ठरवले, की याला वीजपुरवठा आपणच करायचा.

किती वीज लागते?

या पट्टीला ५ व्होल्टचा दाब लागतो. बनवणाऱ्यांची शिफारस ५.१ व्होल्ट आणि २.५ अँपिअरची आहे. दाब ४.६३ व्होल्टखाली गेला की पट्टीवरचा लाल दिवा विझतो. तो लुकलुकत असेल तर वीज कमी पडते आहे असे समजावे.

आमचा रोजचा खर्च जास्तीत जास्त ३ वॅट धरला. म्हणजे २४ तासांत ७२ वॅट-तास. दाब उतरवताना वाया जाणारी वीज धरून ९०. बॅटरी १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची, म्हणजे ४८० वॅट-तासांची. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून हाताशी २४० उरतात. ऊन नसले तरी अडीच दिवसांची शिदोरी झाली. भरण्यासाठी ४० वॅटचे सौर पॅनेल आणि चार्ज कंट्रोलर आहे. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी या कामाला घेऊ नये. ती इंजिनाला एकदम जोर देण्यासाठी असते, रोज थोडी थोडी रिकामी होण्यासाठी नव्हे.

१२ चे ५ कसे करायचे?

प्रथम आम्ही ७८०५ नावाचा तीन पायांचा स्वस्त भाग लावला. तो वरचा ७ व्होल्टचा दाब नुसता उष्णतेत घालवतो. १ अँपिअर वीज वाहिली की ७ वॅट तापण्यात जातात. हात लावला तर चटका बसे.

मग एल.एम. २५९६ वर चालणारे ‘बक कन्व्हर्टर’ मॉड्यूल आणले. त्याचे काम दारे धरण्यासारखे आहे. भरल्या पाटाचे दार आपण उघडतो आणि मिटतो, वाफ्यात हवे तेवढेच पाणी सोडतो. हे मॉड्यूल तसेच दार सेकंदाला सुमारे दीड लाख वेळा उघडते-मिटते. पुढची कॉइल आणि कपॅसिटर हौदासारखे काम करून धार सारखी ठेवतात. त्यामुळे वीज फार कमी वाया जाते.

जोडणीचा क्रम

१. बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतरात २ अँपिअरचा फ्यूज बसवावा. हे काम सर्वांत आधी. उघड्या वायरी एकमेकींना लागल्या तर बॅटरी क्षणात वायर लालबुंद करते आणि चाळीला आग लागू शकते.

२. संगणक न जोडता मॉड्यूलला १२ व्होल्ट द्यावेत. मल्टिमीटर लावून मॉड्यूलवरचा बारीक स्क्रू हळूहळू फिरवावा आणि ५.१ व्होल्ट आणावेत. मॉड्यूल नवे असताना बाहेर किती दाब येईल याचा भरवसा नसतो.

३. ५ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर जोडून पाच मिनिटे ठेवावे. त्यातून सुमारे १ अँपिअर वीज वाहते. दाब ५ च्या खाली गेला तर जोड सैल आहे किंवा वायर बारीक आहे. रेझिस्टर तापतो, त्याला हात लावू नये.

४. मॉड्यूल संगणकाशेजारीच बसवावे. लांबची वायर १२ व्होल्टच्या बाजूची ठेवावी. ५ व्होल्टच्या वायरीत अर्धा ओहम अडथळा असला तरी १ अँपिअरला अर्धा व्होल्ट जातो आणि ५.१ चे ४.६ होतात.

५. शेवटी जाड, आखूड यू.एस.बी. केबलने संगणक जोडावा. पट्टीच्या उघड्या पिनांवर वीज देऊ नये. तिथे आतल्या फ्यूजचे संरक्षण मिळत नाही. अधिक-उणे उलटे झाले तर पट्टी जळते.

बॅटरी हवेशीर जागी ठेवावी. ती भरताना पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ बिडी-काडी नको.

आणखी एक सवय

बॅटरी लावली म्हणून संगणकाची केबल एकदम उपसू नये. आधी त्याला बंद होण्याची आज्ञा द्यावी, दिवा शांत झाला की मगच केबल काढावी. फार ढग दाटले आणि बॅटरी उतरू लागली, तर कंट्रोलरने वीज तोडण्याआधी आपणच तो बंद करावा.

यंदाच्या पहिल्या पावसात गावची वीज रात्रभर नव्हती. सकाळी मुलीने आकडे पाहिले. एकही नोंद चुकली नव्हती. पश्चिमेच्या कप्प्यात दमटपणा ८० टक्क्यांवर गेलेला दिसला. त्याच दिवशी तिथला कांदा आम्ही बाहेर काढला, निवडला आणि बाजारात नेला. तरीही दर रविवारी ती आकडे वहीत उतरवून ठेवते. गेल्या वर्षीची आठवण अजून ताजी आहे.