विश्लेषण : कुत्र्यासाठी घरचा खाऊ, कणकी, कोहळे आणि अंडे चालते, मग चुकते कुठे?

गोंदिया : घरी कुत्रा असेल तर हे दृश्य ओळखीचे आहे. सकाळचा चहा, बशीत ग्लुकोज बिस्किटे आणि टेबलाखाली हलणारी शेपटी. एक बिस्किट आपल्याला, एक त्याला. अलीकडे मात्र बिस्किटाऐवजी घरीच खाऊ करून देण्याकडे अनेकांचा कल वाढतो आहे. मोबाइलवर त्याचे शेकडो व्हिडिओ सापडतात. पण त्यातल्या पाककृतींत ओट्स, ब्लूबेरी, बदामाचे पीठ असते. या वस्तू आमगाव किंवा देवरीच्या किराणा दुकानात मिळाल्या तरी परवडणाऱ्या नसतात. धानाच्या जिल्ह्यात त्यांची गरजही नाही. गरज आहे ती हिशेबाची. घरचा खाऊ म्हणजे आपोआप पौष्टिक, असे नसते.

बिस्किटाने असे काय बिघडते?

साध्या ग्लुकोज बिस्किटात १०० ग्रॅममागे सुमारे ४५० कॅलरी असतात आणि वजनाचा जवळपास चौथा हिस्सा साखर असते. एक बिस्किट म्हणजे २२ ते २५ कॅलरी. माणसासाठी ही रक्कम किरकोळ. चार किलोच्या पामेरियनसाठी नाही.

पशुआहारात सर्वत्र पाळला जाणारा संकेत असा, की वरखाऊ दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ नये. उरलेले ९० टक्के समतोल जेवणातून यावेत. हा आकडा मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढता येतो. कुत्र्याचे वजन किलोत घ्या, त्याला त्याच संख्येने दोनदा गुणा, मग वर्गमुळाचे बटण दोनदा दाबा आणि आलेल्या उत्तराला ७० ने गुणा. ही झाली नुसते पडून राहण्यासाठी लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या, घरात वावरणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणतात.

१० किलोच्या कुत्र्यासाठी उत्तर येते साधारण ६३० कॅलरी. म्हणजे खाऊचा वाटा ६३. चार किलोच्या पामेरियनला ३२, तर ३० किलोच्या लॅब्राडोरला १४० च्या आसपास. आता बिस्किटे मोजा. पामेरियनचा दिवसभराचा कोटा दीड बिस्किटात संपतो. घरात चार माणसे असतील आणि प्रत्येकाने ‘एकच तर दिले’ म्हटले, तर तो तिपटीच्या घरात जातो. कुत्रा लठ्ठ होतो तो बहुतेक वेळा असा, कुणाच्याही एकट्याच्या चुकीशिवाय.

गोंदियात हाताशी काय आहे?

पहिली वस्तू कणकी. राइस मिलमध्ये धान भरडताना तुटलेले दाणे अख्ख्या तांदळापेक्षा स्वस्त मिळतात आणि पोषणात फारसे कमी नसतात. खाण्यासाठी विकली जाणारी स्वच्छ कणकी घ्या, धुऊन सावलीत वाळवा आणि चक्कीवरून दळून आणा. पशुखाद्याच्या पोत्यातली घेऊ नका. तिच्यात खडा, बुरशी आणि साठवणीतल्या कीडनाशकाचा अंश असू शकतो.

मिलमधलाच कोंडा मात्र टाळावा. त्यात तंतू आणि जीवनसत्त्वे भरपूर, हे खरे. पण दाण्यापासून सुटताच त्यातले एक विकर तेलावर काम करू लागते आणि काही दिवसांतच कोंडा खवट होतो. तेल गाळणारे कारखाने ताज्या कोंड्यासाठी घाई करतात ती याच कारणाने.

दुसरे, कोहळे. पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात ते. कॅलरी नगण्य, तंतू भरपूर, चव गोडसर. रताळेही चालते; फक्त कॅलरी तिपटीच्या आसपास. अंडे आणि कोंबडीची कलेजी तर बहुतेक कुत्र्यांची आवडती. कलेजी उकडून बोटाच्या पेराएवढे तुकडे आठवड्यातून एक-दोनदाच द्यावेत. तिच्यात ‘अ’ जीवनसत्त्व इतके असते, की रोज मोठ्या प्रमाणात दिल्यास ते अंगात साचून हाडांना त्रास होतो. तलावातल्या रोहू-कटल्याचे उकडलेले, एकूण एक काटा काढलेले मांसही उत्तम. खारवलेली सुकी मासळी नको, मीठ फार असते.

लाखोळीचे पीठ वापरू नये. त्या डाळीत मज्जासंस्थेला अपाय करणारे द्रव्य असते. मोहफुलेही नकोत. साखरेने भरलेली ही फुले लवकर आंबतात आणि कुत्र्याला मद्यार्क थोडाही सोसत नाही.

करायचे कसे?

साहित्य तीनच : तांदळाचे पीठ १५० ग्रॅम, उकडून कुस्करलेले कोहळे १०० ग्रॅम, एक अंडे. मीठ, साखर, गूळ, मसाला, खाण्याचा सोडा काही नाही.

तांदळाच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. त्यामुळे थेट मळले तर वडी फुटते आणि कच्चे पीठ पचायलाही जड जाते. उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहेच : भाकरीसाठी काढतो तशी उकड. कोहळ्यात अर्धी वाटी पाणी घालून उकळी आणा, पीठ टाका, ढवळून पाच मिनिटे झाकण ठेवा. वाफेने पिठातला स्टार्च फुगतो, तोच बांधणीचे काम करतो आणि पचायलाही सोपा होतो. उकड कोमट झाल्यावर अंडे घालून मळा. गरम असताना घातले तर अंड्याच्या गुठळ्या होतात.

जाडसर पोळी लाटून सुरीने ६० तुकडे पाडा. ओव्हन असेल तर १५० ते १६० अंशांवर ३० ते ३५ मिनिटे. नसेल तर जाड तव्यावर, मंद आचेवर, झाकण ठेवून दोन्ही बाजू कोरड्या होईपर्यंत भाजा. घाई केली तर वरून करपते आणि आत ओले राहते. तेल लागत नाही. शाकाहारी घरात अंड्याऐवजी दोन चमचे घट्ट, ताजे दही चालते. तुकडे थोडे ठिसूळ होतात एवढेच.

सगळ्या मिश्रणात साधारण ६३५ कॅलरी येतात, म्हणजे तुकड्यामागे १० ते ११. पामेरियनला दिवसाला तीन, १० किलोच्या कुत्र्याला सहा, लॅब्राडोरला १३. ही वरची मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे. ‘बस’, ‘ये’ शिकवताना तर एका तुकड्याचे चार करा. कुत्रा आकार मोजत नाही, बक्षीस किती वेळा मिळाले ते मोजतो. नवीन पदार्थ पहिल्या दिवशी एकच तुकडा देऊन पाहावा. दोन दिवस जुलाब, खाज नसेल तर पुढे जावे.

नवतपाच्या दिवसांत दही-पाणी एकत्र करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलेले खडे किंवा बिया काढलेले टरबूज यापेक्षा चांगला खाऊ नाही.

पावसाळ्यात अडचण कुठे येते?

घरच्या खाऊत टिकाऊपणासाठी काहीच घातलेले नसते. मऊ तुकडे फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, फ्रीझरमध्ये महिनाभर. जुलै-ऑगस्टमध्ये ओट्यावरच्या डब्यात ठेवले तर दोन दिवसांत बुरशी धरू शकते. बुरशीचा भाग काढून बाकीचा देणे हा काटकसरीचा मार्ग इथे महागात पडतो. काही बुरशींचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर घाव घालते, ते दिसत नाही आणि भाजूनही पूर्ण जात नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये एका कंपनीचे श्वानखाद्य याच कारणाने परत मागवावे लागले. तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे ११० हून अधिक कुत्र्यांच्या मृत्यूंची नोंद झाली होती. कारखान्यात तपासणीची सोय असूनही हे घडले. जुने शेंगदाणे, ओलसर मका आणि दमट कणकी घरातही तितकीच संशयास्पद.

वाळवणाच्या दिवसांत वाफवलेल्या रताळ्याच्या चकत्या पापड-कुरडयांशेजारी खुशाल वाळवा. अंडे किंवा मांस घातलेला खाऊ मात्र उन्हात वाळवू नये. बाहेरून कोरडा होईपर्यंत आत जिवाणू वाढलेले असतात.

कोणत्या वस्तू अजिबात नकोत?

कांदा आणि लसूण सर्वात वर, कारण आपल्याकडे ते सर्वात सहज पोटात जातात. सावजी मटणाच्या रश्शात बुडवलेली पोळी कुत्र्यापुढे टाकणे अनेकांना लाड वाटतो. कांद्यातली गंधकयुक्त संयुगे तांबड्या रक्तपेशी फोडतात. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा धोकादायक मानतात. सुका, वाटलेला, परतून आटवलेला कांदा त्याहून कमी वजनात तितकाच घातक ठरतो. त्रास लगेच दिसत नाही. तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद होते, तेव्हा रश्शाची आठवण कुणालाच नसते.

द्राक्षे आणि मनुका मूत्रपिंड निकामी करू शकतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असल्याचे आता मानले जाते, म्हणून चिंचही दूर ठेवा. मनुका घातलेला शिरा आणि लाडू याच यादीत. चॉकलेटमधले थिओब्रोमिन आणि ‘शुगर फ्री’ च्युइंगममधले झायलिटॉल हेही विषच. शेंगदाण्याचे बटर वापरायचे असेल तर आधी डब्यावरचे घटक वाचा. शिजवलेली हाडे टोकदार फुटतात आणि आतड्यात रुततात. तळण आणि चरबी स्वादुपिंडाला सूज आणते. दिवाळीचा फराळ हा त्यातलाच प्रकार.

मग रोजचे जेवणही हेच दिले तर?

नाही. तांदूळ, कोहळे, अंडे एवढ्यावर कुत्रा काही महिने धडधाकट दिसेल. पण कॅल्शियम आणि फॉस्फरसचे प्रमाण बिघडलेले असेल. वाढत्या पिल्लात याची किंमत हाडे मोजतात. घरचे पूर्ण जेवण द्यायचे तर त्याची आखणी पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावी. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याला वरचा खाऊही विचारल्याशिवाय देऊ नये.

चुकून नको ते खाल्ले तर?

मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपाय करू नका. त्या मिठानेच कुत्रा दगावू शकतो. काय खाल्ले, अंदाजे किती, किती वाजता आणि कुत्र्याचे वजन या चार गोष्टी कागदावर किंवा मोबाइलमध्ये लिहा, पाकीट असेल तर सोबत घ्या आणि लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे निघा. पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. मात्र त्याची फिरती पथके प्रामुख्याने पशुधनासाठी असल्याने घरच्या कुत्र्यासाठी वाहन येईलच, असे गृहीत धरू नका. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावात राहत असाल, तर जवळच्या पशुवैद्यकाचा क्रमांक आजच फोनमध्ये नोंदवून ठेवा.