काम सुरूच होत नाहीये? फाळकेंचा वाटाणा आठवा

थिसिस, रिटर्न, एमपीएससीचा अभ्यास... 'उद्या बघू' म्हणत आपण रील्स बघत बसतो. हा निव्वळ आळस नाही. फ्युशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांच्या मते आपण काम नाही, तर कामामुळे येणारी भीती किंवा कंटाळा टाळत असतो.

नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळकेंपुढचं काम तर अवाढव्यच होतं. सिनेमा काढायचा, पण पैसा लावणार कोण? १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी थेट 'राजा हरिश्चंद्र'ला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज त्याचं थोडंसं चित्रण केलं. पडद्यावर रोप झरझर वाढताना दिसलं आणि भांडवलाची वाट मोकळी झाली. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' झळकला. (पांडवलेणीजवळच्या फाळके स्मारकात गेलात तर सेल्फीआधी हा किस्सा सोबतच्यांना सांगा!)

तुमचा वाटाणा कोणता? 'अभ्यासाला बसायचंय' हा नाही. ते फारच मोघम झालं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर सुचवतात, 'अमुक झालं की तमुक करेन' असं नेमकं ठरवा. म्हणजे, चहा संपला की फाइल उघडून फक्त पहिलं वाक्य टाइप करायचं. वाईट लिहिलं तरी चालेल.