ओसरता पट

मुंबईच्या उपनगरांतील महापालिकेच्या मराठी शाळांचा पट वर्षानुवर्षे ओसरत असल्याचे सांगावे आणि त्याचा सारा दोष पालकांच्या इंग्रजीच्या ओढीवर टाकून मोकळे व्हावे, असा जो शिरस्ता पडला आहे, तो मला अन्यायाचा वाटतो.

१९५० मध्ये अंधेरी-घाटकोपरचा आणि १९५७ मध्ये बोरिवली-मुलुंडचा मुलूख बृहन्मुंबईत सामील झाला, तेव्हापासून येथील कष्टकऱ्यांच्या मुलांना अक्षरओळख करून देण्याचे दायित्व महापालिकेने आठ भाषांतून वाहिले. इंग्रजीची ओढ खोटी नाही. परंतु २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय आहे, आणि सेमी इंग्रजीचे वर्गही अनेक ठिकाणी आहेत. तेव्हा पालक शाळा सोडतात याचे कारण केवळ माध्यमात शोधणे पुरेसे नाही.

ते कारण काही अंशी शिक्षकसंख्येच्या हिशोबात आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असतील, तर दोन शिक्षक मंजूर होतात. वर्ग मात्र पाचच राहतात. पहिलीची मुले मुळाक्षरे गिरवीत असता त्याच खोलीत तिसरीला वजाबाकी शिकवावी लागते. त्यातच शिक्षकांना निवडणुकीच्या वा जनगणनेच्या कामाचा हुकूम आला, की उरलेसुरले अध्यापनही खंडित होते. हे पाहून जागरूक पालक दाखला काढून नेतो, पट आणखी घटतो, पुढील संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरविताना, शिक्षक कमी होतो, आणि ज्या घरांना दुसरा मार्ग परवडत नाही त्यांचीच मुले मागे राहतात. पट असाच ओसरलेल्या माध्यमिक शाळेची गुणवत्ता दहावीच्या निकालावरून जोखणेही सदोष होय. वर्गात दहाच विद्यार्थी असतील, तर एका मुलाच्या अनुत्तीर्ण होण्याने निकाल शेकडा दहाने उतरतो, आणि तो आकडा शिक्षकाच्या श्रमाविषयी फारसे काही सांगत नाही.

सार्वजनिक शाळेवरील लोकांचा विश्वास मात्र संपलेला नाही. २०२० मध्ये अंधेरी-जोगेश्वरीच्या पूर्वेकडील पूनमनगरात महापालिकेने केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमाची शाळा सुरू केली, आणि अशा शाळांतील प्रवेश सोडतीने द्यावे लागले. शाळा महापालिकेचीच, शुल्क नाही, तरीही पालकांनी तेथे रांगा लावल्या! माझ्या मते जी आस्था, जी साधने व जे शिक्षक या नव्या शाळांना लाभले, तेवढेच जुन्या मराठी शाळांना आधी लाभले असते, तर त्यांचा पट इतक्या वेगाने घसरला नसता.

म्हणूनच विद्यार्थी थोडे असले तरी प्रत्येक इयत्तेस स्वतंत्र शिक्षक देण्याची तजवीज महापालिकेने आपल्या अंदाजपत्रकात करावी. कायद्याने घालून दिलेले प्रमाण हे किमान प्रमाण आहे. त्याहून अधिक शिक्षक नेमण्याची इच्छा तेवढी हवी.