महामारी आणि लांबलेले ऑपरेशन



2020 साली कोविडची साथ आली आणि अनेक घरांत रुग्णालयातून एकच निरोप आला, "ऑपरेशन पुढे ढकलले आहे, नंतर या." रुग्णालय उघडे, डॉक्टर हजर, मग ऑपरेशन का नाही, असा प्रश्न पडणे साहजिक होते. त्याचे उत्तर आपण येथे पाहू.

शस्त्रक्रिया ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. अडलेले बाळंतपण, फुटलेले अपेंडिक्स, आतड्याचा पीळ यांना थांबता येत नाही. त्या तातडीच्या. मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातील खडे यांची तारीख ठरविता येते. साथ आली की या दुसऱ्या प्रकाराला कात्री लागते.

याची कारणे चार. पहिले, पूर्ण भूल देताना रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागते. त्या वेळी श्वासातील सूक्ष्म तुषार भूलतज्ज्ञाच्या तोंडासमोर उडतात. दुसरे, ऑक्सिजन, अतिदक्षता विभागातील खाटा व परिचारिका दोन्हीकडे लागतात, आणि साथीत त्या अपुऱ्या पडतात. ऑक्सिजनचे मोल आपल्या जिल्ह्याने जाणले आहे. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. तिसरे, रक्तदान शिबिरे थंडावल्याने रक्ताचा साठा घटतो. चौथे कारण रुग्णाच्याच हिताचे आहे. 2020 साली 24 देशांतील 1,128 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. ऑपरेशनच्या सुमारास कोविड झालेल्या या रुग्णांपैकी शेकडा सुमारे 24 जण तीस दिवसांत मृत्यू पावले. पुढील वर्षी 116 देशांच्या मोठ्या पाहणीतून असे दिसले की, शक्य असेल तेथे कोविडनंतर निदान 7 आठवडे थांबावे.

म्हणजे पुढे ढकलण्यात शहाणपण होते. परंतु पुढे ढकललेले ऑपरेशन म्हणजे बरा झालेला आजार नव्हे. साथीच्या ऐन भरातील 12 आठवड्यांत जगभरात सुमारे 2 कोटी 84 लाख ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबतील, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. भारताचा वाटा 5 लाख 80 हजारांच्या वर होता. हर्नियाचेच पाहा. हाताने दाबले की आत जाणारे आतडे एखाद्या दिवशी अडकते, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत ते सडू लागते. शहरातील माणूस रिक्षाने रुग्णालय गाठतो. पेठहून नाशिक सुमारे 55 किलोमीटर, मध्ये सावळघाट. 25 मार्च 2020 पासूनच्या टाळेबंदीत एस.टी.ही बंद. शहरात जे "ठरवून करावयाचे" असते, ते आपल्या पाड्यावर एका रात्रीत "तातडीचे" होते. शिवाय द्राक्षबागेत मजुरीला जाणारा माणूस दुखणे अंगावर काढतो, कारण रोज बुडाला की चूल थंडावते.

मग मार्ग कोणता? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने एक मार्ग दाखविला. कर्करोग वाट पाहत नाही, म्हणून तेथे खबरदारी घेऊन काम चालूच ठेवले. 23 मार्च ते 30 एप्रिल 2020 या काळात 494 मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या आणि शस्त्रक्रियेनंतर एकही रुग्ण दगावला नाही. सारेच बंद करणे वा सारेच चालू ठेवणे यापेक्षा, कोण थांबू शकतो आणि कोण नाही हे पारखणे महत्त्वाचे.

आपल्या हातीही काही आहे. तारीख पुढे गेली तर कोणते लक्षण दिसताच धावत यावे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. तपासणीचे कागद जपावेत. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रास विचारावे. निरोगी तरुणांनी साथीतही रक्तदान थांबवू नये. आणि विद्यार्थी मित्रहो, आपल्या वस्तीत कोणाचे ऑपरेशन राहिले आहे याची यादी तुम्ही सहज करू शकता. "नंतर या" असे ऐकून घरी आलेला माणूस पुन्हा स्वतःहून जातोच असे नाही. त्याला कोणीतरी सोबत न्यावे लागते.