‘स्मृतिभ्रंश-कर’ : निवडणुकीतील एका समासाचा विचार

निवडणुकीत धोरणांची चर्चा होते असे आपण म्हणतो. वस्तुतः पुष्कळदा चर्चा होते ती धोरणांना पडलेल्या नावांची. ब्रिटनमधील २०१७ ची सार्वत्रिक निवडणूक या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

हुजूर पक्षाच्या १८ मेच्या जाहीरनाम्यात इंग्लंडमधील वृद्धांच्या शुश्रूषेसंबंधी एक योजना होती. तोपर्यंतचा नियम असा की, ज्याची मालमत्ता २३,२५० पौंडांहून अधिक, त्याने शुश्रूषेचा खर्च स्वतः सोसावा. मात्र ती स्वतःच्या घरीच मिळत असेल तर त्या घराची किंमत मालमत्तेत धरावयाची नाही. नव्या योजनेने ही मर्यादा १,००,००० पौंडांपर्यंत वाढविली, परंतु घरच्या शुश्रूषेच्या बाबतीतही घराची किंमत हिशेबात घेतली. वसुली मृत्यूनंतर व्हावयाची होती. अल्पवित्त मनुष्याला यात लाभ होता. ज्याच्याजवळ राहत्या घराखेरीज फारसे काही नाही, त्याच्या वारसांना मात्र मोठी तोशीस.

ही गुंतागुंत विरोधकांनी दोन शब्दांत बांधली : ‘डिमेन्शिया टॅक्स’, म्हणजे स्मृतिभ्रंश-कर. काटेकोरपणे पाहता हा कर नव्हेच. ते घेतलेल्या सेवेचे मूल्य होय. तरीही हे नाव केवळ खोटे म्हणून निकालात काढता येत नाही. कर्करोगाच्या रुग्णावर राष्ट्रीय आरोग्य सेवा विनामूल्य उपचार करते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला लागते ती मुख्यतः रोजची शुश्रूषा, आणि ती बहुधा आरोग्यसेवेत मोडत नाही. कोणता रोग जडावा हे कोणाच्या हाती नसते. घर राहणार की जाणार हे मात्र त्यावर ठरते. ही विषमता योजनेच्या आधीपासूनची होती. नावाने ती सगळी योजनेच्या माथी मारली.

या समासाचा विग्रह करू लागलो म्हणजे स्मृतिभ्रंशावर कर, स्मृतिभ्रंशामुळे कर, की स्मृतिभ्रष्टांकडून कर, याचा निर्णय होत नाही. वाक्य असते तर क्रियापद आले असते, आणि क्रियापदाला ‘नाही’ जोडता येते. समासात विधान गृहीतच असते. ‘स्मृतिभ्रंश-कर अन्यायाचा नाही’ असे म्हणणारा, तो कर आहे हे आधीच मान्य करून बसतो. १९८९ मध्ये स्कॉटलंडात व १९९० मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये आलेल्या ‘सामुदायिक आकारा’चे असेच झाले; लोकांनी त्याला ‘पोल टॅक्स’ म्हटले आणि १३८१ च्या शेतकरी-बंडाची आठवण जागी केली. (आपण जाचक आकारणीस ‘जिझिया’ म्हणतो, तोच हा प्रकार.)

२२ मे रोजी पंतप्रधान थेरेसा मे यांनी खर्चास कमाल मर्यादा राहील असे जाहीर केले, आणि त्याच वेळी काहीही बदललेले नाही असेही ठासून सांगितले. ‘बळकट आणि स्थिर’ हे ज्या प्रचाराचे ध्रुवपद, त्याला हा विरोध पेलणारा नव्हता. ८ जूनला हुजूर पक्षाचे बहुमत गेले. त्याचे श्रेय एका शब्दाला देणे भाबडेपणाचे होईल. विद्यापीठांतील शिक्षणशुल्क रद्द करण्याचे मजूर पक्षाचे आश्वासनही त्याच निवडणुकीतील होते.

योजना पुढे सोडून देण्यात आली. २०२१ मध्ये ८६,००० पौंडांची कमाल मर्यादा जाहीर झाली. तीही अमलात येण्यापूर्वीच २०२४ मध्ये मजूर सरकारने रद्द केली.