गाड्या नकोत, हिशेब द्या!

पूर्व तिमोर नकाशात सापडायला जरा झूम करावं लागतं. इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या मधलं अर्धं बेट, लोकसंख्या नाशिक शहराहून कमी. देश स्वतंत्र झाला 2002 साली, म्हणजे तुमच्या-आमच्यापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठा.

सप्टेंबर 2025मध्ये राजधानी दिलीतली कॉलेजची पोरं रस्त्यावर आली. निमित्त होतं 65 खासदारांसाठी घ्यायच्या नव्याकोऱ्या प्राडो गाड्या. विद्यापीठ संसदेला जवळजवळ खेटूनच, त्यामुळे मोर्चाला फार चालावंही लागलं नाही! अश्रुधूर झाला, जाळपोळ झाली आणि गाड्यांची खरेदी रद्द झाली. पोरं तरी हटेनात. माजी खासदारांची पगाराएवढी आजन्म पेन्शन पण बंद करा, म्हणाली. त्याच महिन्यात संसदेने तीही एकमताने रद्द केली.

आता एवढा राग कशाचा? तिथे किमान वेतन महिन्याला 115 डॉलर. 2012पासून तेवढंच. आणि खासदाराचा पगार वर्षाला 36 हजार डॉलर, म्हणजे महिन्याला 3 हजार. पाच वर्षांखालची जवळपास निम्मी मुलं कुपोषणामुळे वयाच्या मानाने खुजी आहेत.

बरं, देश कंगाल आहे का? अजिबात नाही. समुद्रातल्या तेल-वायूचा पैसा 2005पासून एका पेट्रोलियम फंडात साठवलाय, सुमारे 18 अब्ज डॉलर. माणशी वाटला तर 13 हजार डॉलर होतात. सरकारचा बराचसा खर्च याच फंडातून चालतो. पण पैसा दिलीतून डोंगरातल्या गावापर्यंत पोचता पोचता आटतो. गंमत म्हणजे 2014च्या पाहणीत इथली विषमता कागदावर कमीच दिसते. दिसणारच ना! ही पाहणी घराघरांतल्या खर्चाची. बहुतेक घरं सारखीच तंगीत, आणि वरची मूठभर माणसं अशा पाहणीत सहसा सापडतच नाहीत.

मग पोरं काय करतात? कोरियात कारखान्यात जातात, ऑस्ट्रेलियात फळं तोडायला जातात. काही जण पोर्तुगीज पासपोर्ट काढून थेट इंग्लंड गाठतात. ओळखीचं वाटतंय? आपल्या गोव्यातली कितीतरी घरं अशीच इंग्लंडला गेली. दोन्हीकडे राज्य पोर्तुगालचं होतं, म्हणून ही सोय. ब्रेक्झिटनंतर मात्र ती वाट अवघड झाली.

यात सगळ्यात टेन्शनची गोष्ट वेगळीच आहे. फंडात पैसा आणणारं बायू-उंदान हे वायुक्षेत्र 2025मध्ये बंद पडलं. दुसऱ्या मोठ्या क्षेत्राचं, ग्रेटर सनराइजचं, घोडं पाइपलाइन तिमोरला न्यायची की ऑस्ट्रेलियाला, या वादात वर्षानुवर्षं अडलंय. खर्च असाच चालू राहिला तर 2030च्या दशकातच फंडाचा तळ दिसेल, असे इशारे दिले जातायत. मोर्चात होती ती पोरं तेव्हा तिशीत असतील.