पुन्हा न घडणारे क्षण : मुंबईतील बेने इस्रायली विवाह आणि कॅमेरा

मुंबईत लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्याला शनिवार-रविवार म्हणजे हंगामाचे दिवस. मात्र भायखळा, आग्रीपाडा वा ठाण्यातील एखाद्या बेने इस्रायली घरातून काम आले, की पहिला धडा दूरध्वनीवरच मिळतो. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्री आकाशात तारे दिसेपर्यंत धर्म पाळणाऱ्या घरात कामधंद्याचे बोलणे होत नाही, दिवा लावला जात नाही आणि छायाचित्रही काढले जात नाही. लग्न रविवारी असेल, तर सजावट, दागिने, घरची लगबग अशी जी छायाचित्रे आपण एरवी आदल्या दुपारी निवांत घेतो, ती शनिवारी रात्रीच घ्यावी लागतात. हा शब्बाथ या समाजाने इतका निष्ठेने जपला, की कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या त्यांच्या पूर्वजांना गावकरी ‘शनवार तेली’ म्हणूनच ओळखत.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. घरातील भाषा मराठी; आडनावे पेणकर, रोहेकर, किहीमकर, नागावकर अशी कुलाबा जिल्ह्यातील (आजच्या रायगडमधील) गावांवरून पडलेली. म्हणूनच मराठी छायाचित्रकार येथे सहज फसतो. मेंदीच्या रात्री हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांच्या माळा आणि मराठी गाणी पाहून त्याला वाटते, हे तर आपलेच लग्न. यात नवे काय शिकायचे? दुसऱ्या दिवशी सिनेगॉगमध्ये मात्र त्याची अर्धी छायाचित्रे हुकलेली असतात.

माझी हुकली होती. अशा पहिल्याच लग्नात अंगठीचा क्षण आला, तेव्हा मी वधूच्या डाव्या हाताच्या अनामिकेवर नेम धरून सज्ज होतो. वराने अंगठी घातली ती उजव्या हाताच्या तर्जनीत! भिंग फिरवून पुन्हा नेम धरीपर्यंत सारे संपले होते. सवयीने मी म्हणालो, “दादा, जरा पुन्हा एकदा.” शेजारी उभ्या असलेल्या वृद्ध गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, “बाळा, हे पुन्हा होत नसतं.”

ते का होत नाही, हे नीट समजून घेतले तर बाकीचा विवाह आपोआप उलगडतो. आपल्याकडे सप्तपदी चालू असताना गुरुजीच कधीकधी “थांबा, फोटो होऊ द्या” असे म्हणतात. ज्यू विवाहात अंगठी देणे ही धर्मशास्त्राच्या दृष्टीने कायदेशीर कृती आहे. वराने स्वतःच्या मालकीची, मोल असलेली वस्तू वधूला द्यायची, मोशेच्या आणि इस्रायलच्या नियमानुसार ती आपली झाली असे हिब्रूत उच्चारायचे आणि वधूने ती स्वीकारायची; एवढे घडले की विवाहबंधन निर्माण होते. अंगठी खड्याविना, साधी असावी असा प्रघात आहे, कारण तिच्या मोलाविषयी वधूची फसगत होता कामा नये. ही देवघेव दोन साक्षीदारांनी पाहावी लागते आणि ते वधूवरांचे नातलग चालत नाहीत. जी गोष्ट घडून गेली, ती कॅमेऱ्यासाठी पुन्हा करणे म्हणजे सही झालेल्या दस्तऐवजावर गंमत म्हणून दुसरी सही करण्यासारखे आहे.

यातून छायाचित्रकारासाठी एक नियम निघतो, जो कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवला जात नाही. साक्षीदार आणि अंगठी यांच्यामध्ये उभे राहायचे नाही! जवळून छायाचित्र मिळावे म्हणून आपण नेमके वधूवरांच्या पुढ्यात शिरतो आणि त्या घटकेला ज्यांनी पाहणे आवश्यक आहे त्यांच्या दृष्टीआड आपली पाठ येते. विधी सुरू होण्यापूर्वीच हझान यांना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या गृहस्थांना, विचारून घ्यावे की साक्षीदार कोण आणि ते कोठे उभे राहणार. एवढे विचारणाऱ्याला, असा माझा अनुभव आहे, उभे राहण्याची चांगली जागाही तेच दाखवून देतात.

जागेचा प्रश्न खरोखरच अवघड असतो. मुंबईतील जुन्या सिनेगॉगमध्ये मधोमध लाकडी कठड्याचा उंच चौथरा असतो. त्याला तेबा म्हणतात. तोरा, म्हणजे पवित्र ग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवलेले कपाट पश्चिमेच्या भिंतीशी असते, कारण येथून जेरुसलेम पश्चिमेला. मांडवीचे ‘शआर हाराहामीम’ हे शहरातील सर्वांत जुने सिनेगॉग १७९६ मध्ये स्थापन झाले. ठाण्याचे १८७९ चे, आग्रीपाड्याचे ‘मागेन हसीदीम’ १९३१ चे. वास्तू निरनिराळ्या असल्या तरी मांडणी साधारण हीच. परिणामी संध्याकाळच्या लग्नात, पश्चिमेला खिडक्या असतील तर, मावळतीचे ऊन थेट भिंगात येते आणि वधूवरांचे चेहरे काळवंडतात. वरून झुंबरांचा पिवळा प्रकाश, बाजूने ट्यूबलाइटचा हिरवट प्रकाश. त्यात वधूची साडी पांढरी (पूर्वी हिरवी नेसत, आता बहुधा पांढरी) आणि खांद्यांवरची प्रार्थनेची शाल, तालीत, तीही पांढरी. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक इतके पांढरे पाहून गोंधळतो आणि सगळे करडे करून टाकतो. त्याच्या सांगण्यापेक्षा एक स्टॉप अधिक प्रकाश द्यावा, फ्लॅश शक्यतो मिटून ठेवावा आणि ज्या सिनेगॉगमध्ये स्त्रियांसाठी वरचा सज्जा आहे, तेथे एक साहाय्यक आधीच पाठवावा. तेबावरचे सगळे वर्तुळ एका चौकटीत दिसते ते तेथूनच. डोके मात्र झाकलेले हवे, छायाचित्रकाराचेही. खिशात रुमाल ठेवावा म्हणजे ऐनवेळी टोपी शोधत फिरावे लागत नाही.

दुसरा माणूस बरोबर असणे चैन नव्हे, गरज आहे. बेने इस्रायली विवाहातील सर्वांत देखणा क्षण अंगठीच्या आधी येतो. वधू दारातून आत येते आणि तेबावर उभा असलेला वर तिच्या स्वागताचे हिब्रू गीत स्वतः गातो. बँड नाही, ध्वनिफीत नाही. एरवी बँकेत वा कार्यालयात काम करणारा हा तरुण कित्येक दिवस घरी सराव करून आलेला असतो. त्याचा आवाज कापतो, जमलेले लोक त्याला साथ देतात आणि संपूर्ण सभागृहाची लांबी ओलांडून ती त्याच्याकडे चालत येते. एकट्या छायाचित्रकाराला येथे निवड करावी लागते, गाणाऱ्याचा चेहरा की चालणारीचा. मी पूर्वी वधूकडे वळत असे. आता एकटाच असलो, तर वराकडे वळतो. वधूची छायाचित्रे दिवसभर मिळतात. असा गाणारा वर त्या दोन-तीन मिनिटांपुरताच असतो.

यानंतर केतुबा वाचला जातो आणि पुष्कळ छायाचित्रकार याच वेळी बॅटरी बदलायला बाहेर पडतात. केतुबा हा विवाहाचा करारनामा. तो अरामी भाषेत असतो आणि त्यात वधूवरांची व त्यांच्या वडिलांची नावे, स्थळ, वराने स्वीकारलेल्या आर्थिक जबाबदाऱ्या आणि ज्यू कालगणनेनुसार तिथी असते. (या गणनेचे ५७८५ वे वर्ष ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले. आपल्यासारखाच त्यांनाही अधिक मास असतो, १९ वर्षांत ७ वेळा.) वाचन लांबते, चेहऱ्यांवर फारसे काही घडत नाही आणि अल्बमच्या दृष्टीने ही दहा मिनिटे कोरडी वाटतात.

पण या कोरड्या कागदाने काय काय सोसले आहे! १९४८ नंतर बेने इस्रायली मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत शंका घेतली. बेने इस्रायली व्यक्तीला अन्य ज्यू व्यक्तीशी विवाह करायचा असेल तर पूर्वजांची चौकशी करावी, असे निर्देश निघाले. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांच्या नातवंडांना, तुम्ही ज्यू आहात हे सिद्ध करा, असे सांगितले गेले. समाजाने निदर्शने केली, संघर्ष केला आणि १९६४ मध्ये त्यांना सर्व बाबतींत समान ज्यू मानण्याची भूमिका इस्रायलच्या संसदेने घेतली. तरीही आजही इस्रायलमध्ये धर्मपीठाकडे विवाह नोंदवताना परदेशातून आलेल्या कुटुंबाकडे पुरावा मागितला जातो आणि त्यात आईवडिलांचा केतुबा महत्त्वाचा ठरतो. आज मुंबईत ज्याचे वाचन चालले आहे, तो कागद पंचवीस वर्षांनी एखाद्या मुलीला अश्दोद वा बीरशेबाच्या कार्यालयात दाखवावा लागेल, ही शक्यता गृहीत धरूनच काम करावे.

म्हणून सह्या झाल्यावर, परवानगी घेऊन, केतुबाचे स्वतंत्र छायाचित्र घ्यावे. कागद सपाट ठेवून, कॅमेरा त्याला समांतर धरून, चारही कोपरे चौकटीत आणि प्रत्येक अक्षर वाचता येईल असे. फुलांच्या पाकळ्या, अंगठ्या वगैरे त्यावर मांडण्याचा मोह टाळावा. साक्षीदार सही करीत असताना त्यांचे चेहरे ओळखू येतील असे आणखी एक छायाचित्र घ्यावे. छायाचित्र मूळ कागदाची जागा घेत नाही. पण कागद मुंबईच्या पावसाळ्यात भिजतो, घर बदलताना हरवतो, त्याला वाळवी लागते.

सात आशीर्वाद म्हणून झाले की काचेचा पेला फोडला जातो. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले, त्याची ही आनंदाच्या घटकेतील आठवण. कापडात गुंडाळलेला पेला पायाखाली फुटतो तो निमिषार्धात. आवाज ऐकून बटण दाबणाऱ्याच्या हाती उचललेले पाऊलही लागत नाही. जमिनीलगत बसावे, वेग १/५०० सेकंद ठेवावा आणि पायाकडे नव्हे, गुडघ्याकडे पाहावे. पाऊल खाली येण्याआधी गुडघा वर जातो.

मलिद्याचा विधी या मानाने निवांत. एलियाहू हानबी या प्रेषिताच्या स्मरणार्थ भिजवलेले गोड पोहे, खोबरे, सुका मेवा आणि फळे यांचे ताट मांडतात. अलिबागजवळ खंडाळे येथे त्यांच्या रथाची खूण मानला जाणारा खडक आहे आणि अनेक कुटुंबे तेथे जाऊन मलिदा करतात. येथे हवी तेवढी छायाचित्रे घ्या, घरचे लोक हौसेने ताट पुढे करतील. जेवणही करूनच निघा. मात्र मटणानंतर आइस्क्रीम मागू नका. मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही.

एक अडचण अलीकडची आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाऊसवर हल्ला झाला, त्यानंतर शहरातील ज्यू स्थळांची सुरक्षा कडक झाली. साहाय्यकांची नावे व ओळखपत्रे आधी द्यावी लागतात, पिशव्या उघडून दाखवाव्या लागतात, इमारतीचे बाहेरून छायाचित्र घ्यायचे तर आधी विचारावे लागते. कपाळाला आठ्या न घालता तासभर आधी पोचावे.

हा समाज कॅमेऱ्याला नवा नाही. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील जातीजमातींची छायाचित्रे १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली, त्यांत बेने इस्रायलीही आहेत. स्टुडिओत उभी केलेली माणसे वेगळ्याच पार्श्वभूमीवर चिकटवण्याची त्याची रीत होती. चेहरे खरे, मागचे शहर जोडलेले. आजच्या अल्बममध्ये उलट अडचण आहे. शहर तेच आहे, माणसे पांगली आहेत. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते. २०११ मध्ये ही संख्या पाच हजारांच्याही आत आली. लग्नाला आलेल्यांपैकी निम्मे पाहुणे इस्रायलमधले असतात आणि जे येऊ शकले नाहीत ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर विवाह पाहतात. तेथील घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे अडीच तास, हिवाळ्यात साडेतीन.

त्यामुळे समूहछायाचित्रांचा नेहमीचा क्रम येथे बदलावा. वधूवरांची मांडून काढलेली छायाचित्रे शेवटी, दोन्हीकडचे सबंध गोत आधी. पेला फुटला की लगेच, मंडळी जेवणाकडे वळण्यापूर्वी, कोणत्या मावशी आणि कोणते मामा रात्रीच्या विमानाने परत निघणार आहेत ते वधूच्या आईला विचारावे आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवावे. मागे उभ्या राहिलेल्यांची नावेही त्याच वेळी कागदावर उतरवून घ्यावीत. आईला ती सगळी ठाऊक असतात.